हौशी कार्यशाळेतील कामाच्या टेबलाची उंची किती ठेवावी?

सागवानी, नाशिक

नमस्कार. आमच्या सदनिकेची मागची बाल्कनी बंदिस्त करून घेतली आहे आणि आठ फूट बाय पाच फुटांच्या त्या जागेत छंदापुरती कार्यशाळा थाटण्याचा विचार आहे. पायांसाठी जुन्या चौकटीचे सागवान हाताशी आहे. वर १८ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवून बसवणार आहे. अडले आहे ते उंचीवर. आमचे सुतार अडीच फूट म्हणतात, एका परिचितांनी तीन फूट सुचवले आहे आणि दोघांचीही कारणे ऐकताना पटतात.

माझी उंची ५ फूट ६ इंच आहे. मुख्य काम हाताने रंधा मारण्याचे आणि पटाशीने सांधे काढण्याचे असेल. त्याखेरीज व्हाईसमध्ये (वस्तू आवळून धरणाऱ्या पकडीत) धरून थोडे कानसकाम आणि अधूनमधून सोल्डरिंग होईल. पत्नीची उंची ५ फूट १ इंच असून ती याच टेबलावर लाकडी खेळणी घासून रंगवणार आहे. दोन टेबलांना जागा नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

हातरंधा, पुणे

तुमच्या सुतारांचे आणि परिचितांचे, दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी कामे आहेत. टेबलाची उंची ठरवताना फळीऐवजी तुमचे हात काम करताना कुठे असतात ते पाहावे. रंधा मारताना जोर दंडातून यावा लागला तर माणूस थोड्याच वेळात थकतो. तो कंबरेतून आणि पायांतून यायला हवा आणि त्यासाठी शरीराचे वजन रंध्याच्या वर झुकवता आले पाहिजे. म्हणून रंधाकामाचे टेबल खाली लागते. याउलट डवटेलच्या (पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्याच्या) रेषा आखताना किंवा बारीक करवत चालवताना डोळे कामाजवळ हवेत, आणि टेबल खाली असेल तर मान व पाठ वाकवून ते अंतर भरून काढावे लागते.

अर्गोनॉमिक्समध्ये, म्हणजे काम शरीराला सोयीचे करण्याच्या शास्त्रात, उभ्याने करायच्या कामासाठी कोपराची उंची आधाराला धरतात. जोर लावायचे काम कोपराच्या १५ ते ४० सेंमी खाली, हलके काम १० ते १५ सेंमी खाली आणि अगदी नाजूक काम कोपराच्या ५ ते १० सेंमी वर असावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. हाताने लाकूडकाम करणाऱ्यांचा जुना नियम याहून सोपा आहे: सरळ उभे राहून हात सैल सोडावा आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत जे अंतर भरेल ती टेबलाची उंची धरावी. तुमच्या उंचीच्या माणसाला हा आकडा ८२-८३ सेंमीच्या आसपास येईल, परंतु हातांची लांबी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे तो माझ्यावर विसंबून न घेता स्वतः मोजावा. मोजताना पायात तीच चप्पल किंवा बूट असावेत जे घालून तुम्ही काम करणार आहात, आणि पायाखाली रबरी मॅट टाकणार असाल तर तिच्यावर उभे राहूनच मोजावे. या दोन गोष्टींनी मिळून दोन-तीन सेंमीचा फरक सहज पडतो.

रंधा कोणता वापरता तेही पाहा. लाकडी रंध्याचे अंग उंच असते, त्यामुळे हात कामापासून बराच वर राहतो आणि टेबल आणखी थोडे खाली चालते. माझे ठाम मत असे, की सर्वांत जास्त जोर लागणाऱ्या कामासाठी टेबल बांधावे. खालच्या टेबलावर काहीतरी ठेवून काम वर घेता येते. उंच टेबल मात्र ऐन कामात खाली घेता येत नाही.

निवृत्त फिटर निदेशक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त व्हाईसचा मुद्दा वेगळा काढतो. आयटीआयच्या फिटिंग शॉपमध्ये आम्ही मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचो, की व्हाईससमोर ताठ उभे राहा, हात दुमडून मूठ हनुवटीखाली आणा, कोपर व्हाईसच्या जबड्याच्या वरच्या कडेला जेमतेम टेकले पाहिजे. जबडा त्याहून खाली असेल तर कानस पुढे जाताना तिचे टोक खाली झुकते आणि सपाट पृष्ठभाग गोलसर होतो. विद्यार्थ्याला वाटते हात वळत नाही, प्रत्यक्षात व्हाईस खाली असतो.

सुतारी व्हाईसचा जबडा टेबलाच्या पातळीत बसतो, त्यामुळे त्याची वेगळी काळजी नको. लोखंडी कामाचा व्हाईस मात्र टेबलावर उभा राहतो. त्याची उंची मापाप्रमाणे बदलते, ती पट्टीने मोजा. समजा ती १६ सेंमी भरली आणि टेबल ८३ सेंमीचे असले, तर जबडा ९९ वर येईल आणि तुमचे कोपर साधारण १०८ वर असेल. मधले ९ सेंमी भरून काढण्यासाठी जाड सागवानी ठोकळ्यावर व्हाईस बोल्टने पक्का करावा आणि तो ठोकळा टेबलाच्या पायाच्या बरोबर वर क्लॅम्पने आवळावा. कानसकाम संपले की ठोकळ्यासकट व्हाईस उतरवून खाली ठेवता येतो. पाच फूट रुंदीच्या जागेत ही सोय मोलाची ठरेल.

पॅटर्नकाम, कोल्हापूर

आमच्याकडे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) करताना एकाच टेबलावर आधी जाड फळ्या रंधून घ्याव्या लागतात आणि नंतर तासन्‌तास पटाशी चालवावी लागते. यावर साधा उपाय आहे. साधारण १५ ते १८ सेंमी उंचीची, दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशी भक्कम पेटी करावी, तिला खालून पट्टी मारून ती सुतारी व्हाईसमध्ये धरता येईल असे करावे आणि नाजूक काम तिच्यावर करावे. पेटी हलकी करू नका. पटाशीवर हातोडी पडली की हलकी पेटी उसळते.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते, ती म्हणजे कामाची स्वतःची जाडी. दोन सेंमीची फळी रंधताना टेबलाची उंची जवळपास जशीच्या तशी मिळते. परंतु तयार खोक्याची कड रंधायची झाली तर हात एकदम एक फूट वर जातात. असे काम टेबलाच्या बाजूला व्हाईसमध्ये खाली धरता येते का, हे पाय बसवण्यापूर्वी पाहून ठेवा. लांब फळी करवतीने कापायला तर टेबल नकोच. गुडघ्याच्या उंचीची घोडी करा आणि फळीवर गुडघा रोवून कापा.

काष्ठशिल्प, ठाणे

मला वहिनींच्या बाजूने लिहायचे आहे, कारण माझी उंचीही पाच फुटांच्या जवळ आहे आणि सामायिक टेबल नेहमी उंच व्यक्तीच्या मापाने होते. त्यांचे कोपर अंदाजे १०० सेंमीवर येईल, म्हणजे ८३ सेंमीचे टेबल कोपराच्या १७ सेंमी खाली पडेल. पॉलिश पेपरने घासायला ही उंची चांगली आहे. रंगकामाला ते खाली पडेल, पण खेळणे हातात धरून रंगवायचे असेल तर बसून काम करणे उत्तम. त्यासाठी टेबलाच्या फळीपेक्षा २५ ते ३० सेंमी खाली बैठक असलेले स्टूल घ्यावे आणि त्याला पाय टेकवायला आडवी पट्टी असलीच पाहिजे, नाहीतर मांड्या अवघडतात. सोल्डरिंगलाही हेच स्टूल उपयोगी पडेल. फळीच्या खाली, निदान एका बाजूला, ड्रॉवर करू नका. तिथे गुडघे जायला हवेत.

सागवानी, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी मोजमाप केले. चप्पल घालून मनगटाची घडी ८४ सेंमीवर आणि कोपर १०८ सेंमीवर येते. स्वयंपाकघरातील ओटा ८६ सेंमीचा असल्याने पत्नीच्या परवानगीने त्याच्यावर जुने कापड अंथरले, फळी सी-क्लॅम्पने आवळली आणि रंधा मारून पाहिला. हात चालला, पण खांदे किंचित वर उचलले जात होते आणि शेवटच्या टप्प्यात जोर कमी पडत होता. पायाखाली दोन इंचांचा पाट घेतल्यावर शरीर पुढे झुकू लागले आणि काप एकसारखा निघाला. म्हणजे माझी सोयीची उंची ८१ सेंमीच्या आसपास दिसते. शेवटची शंका अशी, की बाल्कनीच्या लादीला पाणी निघून जाण्यासाठी उतार आहे. मग उंची कुठून मोजावी?

हातरंधा, पुणे

ओट्यावरची चाचणी उत्तम केलीत. उंची तुम्ही ज्या जागी उभे राहणार तिथल्या लादीपासून मोजावी, भिंतीकडच्या कडेपासून नव्हे. चारही पाय आधी ८४ सेंमीच्या हिशेबाने कापा, टेबल जागेवर ठेवा, फळीवर लेव्हल ठेवून उताराकडच्या पायांखाली पाचरी सरकवा आणि टेबल डुगडुगायचे थांबले की पायांवर लादीला समांतर रेषा आखून घ्या. सगळे पाय त्या रेषेवर कापले की फळी समतल राहील. त्यानंतर महिनाभर काम करून पाहा आणि गरज वाटली तरच चारही पायांतून सारखेच, एका वेळी एक सेंमी कमी करा. पावसाळ्यात लादीवर ओल राहते, म्हणून कापलेल्या टोकांना पॉलिश किंवा ऑइलपेंटचे दोन हात देऊन खाली रबरी बूच ठोका; त्या बुचांची जाडी शेवटच्या मापातून वजा करायला विसरू नका.