स्टाइनबेक कुठून सुरू करावा? आणि १९३९ नंतर तो खरंच संपला का?

सुरंगी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ होती. छोटीशी कादंबरी, एका बैठकीत संपली. शेवटी नदीकाठी जॉर्ज लेनीला सशांचं स्वप्न पुन्हा सांगतो, तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आता या माणसाचं सगळं वाचायचंय. पण वर्गात ऐकलं की १९३९च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ कादंबरीनंतर त्याच्यात दम उरला नाही, आणि १९६२ साली नोबेल मिळालं तेव्हा अमेरिकेतल्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. खरं आहे का हे? आणि कुठल्या क्रमाने वाचू?

मांडवी
नाकं मुरडली हे खरं. त्याला स्वतःलाही पत्रकारांनी विचारलं, तुम्ही या पुरस्काराला पात्र आहात का? तर सरळ ‘नाही’ म्हणाला. क्रमाचं म्हणाल तर आता ‘द पर्ल’ घ्या. मोती सापडलेल्या गरीब कोळ्याची गोष्ट, दोन तासांत होईल.

रापणकर, मालवण
सुरंगीताई, मी साहित्याचा विद्यार्थी नाही. मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. पण स्टाइनबेक तीस वर्षं वाचतोय, म्हणून लिहितो.

माझं ऐकाल तर ‘कॅनरी रो’पासून सुरुवात करा. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावात सार्डिन डबाबंद करण्याचे कारखाने होते, त्या रस्त्याची ही कादंबरी, १९४५ची. सार्डिन म्हणजे आपल्या पेडव्यांचे भाऊबंद. १९३६-३७च्या हंगामात कॅलिफोर्नियात सात लाख टनांच्या वर सार्डिन पकडली गेली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत मासा इतका आटला की कारखाने एकामागून एक बंद पडले. आज तो रस्ता कादंबरीच्या नावाने ओळखला जातो, ते नाव १९५८ साली दिलं. मासा गेला आणि पुस्तकाचं नाव राहिलं, हे वाचून मला फार लागलं होतं.

का लागलं ते सांगतो. माझे वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याला, जायचे. पेडवे आले की वाळूवर चांदीचा ढीग पडायचा. ज्याने दोराला हात लावला त्याला मूठभर का होईना मासे मिळायचे, आम्हा पोरांनाही. खवले मनगटाला चिकटायचे, ते सुकून शाळेत पाटीवर गळायचे. जास्तीचे पेडवे माडांच्या मुळात खत म्हणून जायचे, इतके असायचे. आता कित्येक दिवस रापण ओढून जाळ्यात पालापाचोळाच येतो. म्हातारी माणसं किनाऱ्यावर बसून एकच विचारतात, ‘मासो गेलो खंय?’

स्टाइनबेकचा जिवलग मित्र एड रिकेट्स याच प्रश्नाचा अभ्यास करत होता. समुद्रजीवांचा अभ्यासक, त्याच रस्त्यावर त्याची प्रयोगशाळा. ‘कॅनरी रो’मधला डॉक म्हणजे तोच. १९४० साली दोघांनी ‘वेस्टर्न फ्लायर’ नावाची बोट भाड्याने घेतली आणि मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात सहा आठवडे ओहोटीच्या खडकांतले जीव गोळा केले. ही बोट पर्ससीनची होती, म्हणजे माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढून तळाशी आवळणारी, सार्डिन धरायची. आपल्याकडे पर्ससीनवाले आणि रापणवाले यांच्यात किती भांडणं झाली ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या प्रवासाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडणारी जपानी बोट त्यांना दिसते. कोळंबी तेवढी ठेवून बाकीचे मासे मेलेले परत पाण्यात फेकले जातात. स्टाइनबेकला राग येतो. पण बोटीवर चढल्यावर ती माणसं आवडतात, आणि तो लिहितो की ही चांगली माणसं एका मोठ्या विध्वंसक यंत्रात सापडून वाईट काम करताहेत.

आता ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’चं पाचवं प्रकरण उघडा. जमीन बँकेने घेतलीय, ट्रॅक्टर घर पाडायला आलाय. कूळ बाहेर येऊन बंदुकीचा धाक घालतं, पण ट्रॅक्टरवर कोण? ओळखीच्याचा मुलगा. दिवसाला तीन डॉलर मिळतात, घरी बायकापोरं आहेत. मग गोळी घालायची कुणाला, असं कूळ विचारतं. बँक म्हणजे काही माणूस नव्हे.

माझ्या मते हाच त्याचा जन्मभराचा प्रश्न. म्हणून १९३९ नंतर संपला हे मला अजिबात पटत नाही. जपानी बोटीचं पान १९४१चं आहे, आणि ते ‘ग्रेप्स’च्या तोडीचं आहे. माझा चुलत पुतण्या पर्ससीनवर खलाशी आहे. रापणीवर वाढलेल्या घरातला मुलगा. त्याच्याशी कसं बोलायचं हे मला मिटिंगांनी नाही शिकवलं, या दोन पानांनी शिकवलं.

कातळशिल्प
रापणकर, सुंदर लिहिलंत. पण ‘ईस्ट ऑफ ईडन’ (१९५२) तुम्ही बाजूलाच ठेवलीत! सॅलिनस खोऱ्यातल्या दोन कुटुंबांची गोष्ट, त्यातलं एक त्याच्या स्वतःच्या आजोळचं. आपल्या दोन मुलांना आपला मुलूख कळावा म्हणून लिहायला घेतलेली. मला हीच सर्वांत प्रिय. तक्रार एकच, तिच्यातली केथी मला शेवटपर्यंत जिवंत बाई वाटली नाही, नुसता दुष्टावा वाटला.

रापणकर, मालवण
केथीबद्दल सहमत. बाजूला ठेवली कारण ती मी एकदाच वाचलीय. मित्र जाऊन चार वर्षं झाली होती, १९४८ साली रिकेट्सच्या गाडीला आगगाडीने उडवलं. मला त्या पुस्तकात डॉकसारखं कोणी सापडत नाही, म्हणून असेल.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. ‘कॅनरी रो’ मागवली. काका, पाचवं प्रकरण तुम्ही पुतण्याला कधी दाखवलंत का?

रापणकर, मालवण
दाखवलं. त्याला इंग्रजी जमत नाही, म्हणून मालवणीत करून वाचलं. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस होते, बोटी वर ओढलेल्या, बाहेर पाऊस. ऐकून काही बोलला नाही, विडी संपवून घरी गेला. आठ दिवसांनी जाळं विणताना खाली मान घालून विचारतो, ‘काका, त्या ट्रॅक्टरवाल्याचा फुडे काय झाला?’