मार्शलचा वंश बुडाला? मग पाच मुली कुणाच्या?

माहेरवाशीण: विल्यम मार्शल या मध्ययुगीन इंग्लंडमधल्या सरदारावरच्या धाग्यात वाचलं, "पाच मुलगे, एकालाही वारस नाही, बिशपच्या शापाने १२४५ मध्ये वंश बुडाला." डोकंच फिरलं. मॉड, इसाबेल, सिबिल, इव्हा आणि जोन या पाच मुली काय हवेत विरल्या? १२४७ मध्ये लेन्स्टरच्या, म्हणजे त्याच्या आयर्लंडातल्या मुलखाच्या, पाच वाटण्या झाल्या त्या याच लेकींच्या शाखांमध्ये. मार्शलपद, म्हणजे राजदरबारातलं वंशपरंपरेचं पद, आधी मॉडकडे, मग तिच्या मुलाकडे गेलं. इसाबेलच्या लेकीचा नातू तर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस!

गडकोट: तो धागा माझाच. ताई, शाप मी दिलेला नाही. थोरला मुलगा १२३१ मध्ये गेला, रिचर्ड १२३४ मध्ये आयर्लंडात जखमी होऊन, गिल्बर्ट १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये (सरदारांच्या लढाईच्या स्पर्धेत), आणि वॉल्टर-अन्सेल्म १२४५ च्या अखेरीस पाठोपाठ. नाव चालवायला कोणी उरलं नाही. मुलींची मुलं बापांच्या आडनावाची, बिगॉड, क्लेअर. घराणं संपणं म्हणतात ते यालाच.

शंकासुर: शापाची गोष्ट मॅथ्यू पॅरिस या तेराव्या शतकातल्या इंग्रज साधूच्या बखरीत येते, पाचही मुलगे मेल्यावर! असलं भाकीत मीही करतो. तुम्हा लोकांना साधुसंत-बिशप दिसला की बुद्धी गहाण. आमच्या वाड्यालाही म्हणे शाप होता. निघाली वाळवी.

गडकोट: विषय वाड्याचा नाही.

माहेरवाशीण: विषय वाड्याचाच आहे, काका. वडील गेल्यावर आम्हा बहिणींना पेढे खाऊ घालून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. "तुम्ही आता त्या घरच्या." तुमचं "बिगॉड, क्लेअर" वाचून तेच आठवलं.

गडकोट: भावांचा राग माझ्यावर काढू नका. तेराव्या शतकातल्या इंग्लंडला आजचा कायदा लावणार का?

माहेरवाशीण: लावायची गरजच नाही, त्यांचाच पुरेसा आहे. मुलगा नसेल तर मुलींना समान वाटे. आणि मार्शलकडे स्वतःचं होतं काय? धाकटा मुलगा, टूर्नामेंट जिंकून पोट भरणारा. १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत उतारवयात लढला, मान्य. पण ११८९ मध्ये इसाबेल द क्लेअरशी लग्न झालं तेव्हा कुठे तो बडा जमीनदार झाला. लेन्स्टर तिचं, तिला ते मिळालं स्ट्राँगबो या अँग्लो-नॉर्मन सरदाराची लेक म्हणून. स्ट्राँगबोला मिळालं ईफाशी लग्न करून, ती लेन्स्टरच्या राजाची मुलगी. म्हणजे इस्टेट आली दोनदा लेकींकडून, गेली लेकींकडे. मग मधल्या पुरुषांचाच वंश कसा मोजता?

शंकासुर: आता बोला!

जुना वाचक: इसाबेल नुसती वारस नव्हती. जॉन राजाने नवऱ्याला इंग्लंडात अडकवून ठेवलं तेव्हा गरोदर असताना तिने लेन्स्टर सांभाळलं. या धाग्यात पुरुषांच्या मरणाच्या तारखाच जास्त.

गडकोट: बरं बाई, "पुरुषवंश बुडाला" असं करतो. शाप मात्र काढणार नाही, धागा त्याच्यावरच चालतो.

माहेरवाशीण: ठेवा. फक्त खाली पाच मुलींची नावं घाला, नवऱ्यांची नकोत.