मदत हवी आहे: लेहच्या रस्त्यासाठी लहान ट्रेलरचे पाटे आणि ब्रेक

जून अखेरीस आम्ही धुळ्याहून बोलेरोला लहान मुक्कामी ट्रेलर जोडून श्रीनगर, झोजी ला, कारगिलमार्गे लेहला जाणार असून परतीचा प्रवास मनालीमार्गे करणार आहोत. ट्रेलर एका धुऱ्याचा आहे, सामान व पाण्यासह त्याचे वजन सुमारे ७०० किलो भरते आणि त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. नोंदणीची कागदपत्रे पूर्ण आहेत.

हबचे बेअरिंग बदलून ग्रीस भरले आहे, चाके गाडीच्याच मापाची घेतली आहेत, म्हणजे स्टेपनी दोन्हीकडे चालेल, आणि जोडणीवर एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा म्हणून पाण्याची टाकी धुऱ्याच्या थोडी पुढे सरकवली आहे. तरीही तोरणमाळच्या घाटात भरलेल्या ट्रेलरची चाचणी घेतली, तेव्हा उतारावर तो दुसऱ्या गिअरमध्येही गाडीला मागून रेटत होता आणि खड्ड्यांत पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) पूर्ण दबून धुरा चेसिसला लागत होता.

येथील कारागीर आणखी एक पाटा घालण्यास सांगतात. मात्र त्यामुळे प्रत्येक दणका वेल्डिंगच्या सांध्यांवर जाईल, ही मला खरी काळजी वाटते. परतीच्या वाटेवरची तंगलंग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे सांधा तुटला तर वेल्डर मिळणे कठीण. जे काही बसवू, ते कारगिल किंवा केलाँगच्या साध्या गॅरेजमध्ये दुरुस्त व्हायला हवे.

अशा वजनाला जास्तीचा पाटा योग्य की तेच पाटे ठेवून शॉकॲब्सॉर्बर व रबरी बफर, आणि ब्रेक ओव्हररन पद्धतीचा (ट्रेलर गाडीला मागून रेटू लागला की त्याच दाबाने लागणारा) घ्यावा की विजेवर चालणारा?