मदत हवी आहे: आवर्तसारणीची आठवी ओळ कशी विणू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचे चार यंत्रमाग आहेत, जेकार्डचे (पंचकार्डांवरून नक्षी विणणारे). लेकीच्या शाळेसाठी आवर्तसारणीचं वॉलहँगिंग विणायला घेतलंय. 118 चौकटी ग्राफवर भरल्या, सातवी ओळ ओगानेसॉनपाशी, म्हणजे 118 व्या मूलद्रव्यापाशी, बरोब्बर काठाला टेकली. मी खूश. तर लेक म्हणते, "अप्पा, खाली जागा सोडा, 119 वं मूलद्रव्य येणार आहे."

आता आली का पंचाईत! वाचायला बसलो. जपानमध्ये रिकेन या संशोधन संस्थेची माणसं क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करून 119 शोधतायत. अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत 2024 मध्ये टायटेनियमच्या माऱ्यातून 116 चे दोन अणू मिळाले, पुढचं लक्ष्य 120. ओगानेसॉन तर मिलिसेकंदभरही टिकत नाही. आमच्या मागावरचा सडका धागासुद्धा त्याहून बरा.

119 आणि 120 पहिल्या दोन स्तंभांत बसतील, हे कळलं. अडतंय 121 पासून. तिथून 18 मूलद्रव्यांचा नवा जी-गट (जी नावाच्या इलेक्ट्रॉन-कक्षिका भरत जाणारा) सुरू होतो म्हणे. मुख्य सारणीखाली लँथेनाइडांची वेगळी पट्टी काढतात, तशी आणखी एक काढू का? आणि शेवट कुठे? अणुकेंद्र नुसता बिंदू धरून कुणी 137 म्हणतं, पण अणुकेंद्राला आकार असतो हे धरलं की हिशोब 173 च्या आसपास जातो. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ पेक्का प्यूक्को यांची सारणी 172 पर्यंत आहे, पण त्यात 139 आणि 140 मध्येच उडी मारून उजवीकडे जाऊन बसलेत. ते का?

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणी सांगाल का, दोनच रिकाम्या चौकटी ठेवू की पूर्ण पट्टी? सोमवारी पंचकार्डं पाडायचीत, नंतर बदल महागात पडतो.