वेगवान पिचिंगसमोर मुलींची बॅट उशिरा येते. सराव कसा घ्यावा?

क्रीडाशिक्षक, राजापूर तालुका

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत १४ वर्षांखालील मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. आमच्या पिचरचा (चेंडू टाकणारीचा) वेग बेताचाच असल्यामुळे सरावात सगळ्या जणी छान मारतात. परंतु जिल्हास्तरीय सामन्यात समोरची पिचर विंडमिल पद्धतीने, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून, जोरात चेंडू टाकणारी निघाली आणि आमच्या मुलींची बॅट फिरेपर्यंत चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असे. जे थोडे चेंडू लागले, तेही पहिल्या बेसच्या, म्हणजे उजव्या बाजूला रेषेबाहेर (फाउल) गेले. ‘बॅट लवकर फिरव’ असे मी बाहेरून सांगत राहिलो, पण त्याचा काहीच उपयोग झाला नाही. पिचिंग मशीन घेणे शाळेला परवडणारे नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माजी खेळाडू, रत्नागिरी

सर, उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलींचे फाउल पहिल्या बेसकडे जात असतील, तर त्यांना चेंडू दिसतो आहे, फक्त त्यांची सुरुवात उशिरा होते आहे. ‘लवकर फिरव’ म्हटले की मुली घाईने हात फेकतात आणि पाय मागेच राहतो. पिचिंगचे अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर धरले, तरी पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्षात ११ मीटरच उरतात. ताशी ८० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात पाय टाकणे, चेंडू पारखणे आणि बॅट फिरवणे ही तिन्ही कामे होत नाहीत, म्हणून पहिले काम चेंडू सुटण्याआधीच उरकले पाहिजे. पिचरचा हात डोक्यावर गेला की वजन मागच्या पायावर घ्यावे आणि हात कमरेशी येऊन चेंडू सुटेपर्यंत पुढचा पाय अलगद जमिनीवर टेकलेला असावा. बॅटचे हात मात्र तेव्हाही मागेच हवेत.

हे पक्के होईपर्यंत मी मुलींच्या हातात बॅट देत नाही. हेल्मेट घालून त्यांनी फक्त पाय टाकायचा आणि स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा चेंडू वाटल्यास ‘हो’ म्हणायचे. पाय पडतो तिथे जमिनीवर फक्की (मैदान आखायची पांढरी पूड) भुरभुरावी. बुटाचा ठसा स्वच्छ उमटला तर पाय वेळेवर टेकला असे समजावे. ठसा फरफटलेला दिसला, तर ती अजून चेंडूमागे धावते आहे.

मशीनची उणीव अंतर कमी करून भरून काढता येते. ८ मीटरवरून ताशी ५५ किलोमीटर वेगाने खालून टाकलेला चेंडूही बॅटरला अर्धाच सेकंद देतो. सुरुवात टेनिसच्या चेंडूने करावी. खरा चेंडू वापरायचा झाल्यास टाकणाऱ्याच्या पुढे आडोसा हवाच. आम्ही बंदरावरून जुने जाळे आणून बांबूंना दुहेरी बांधले आहे.

पालक, चिपळूण

बॅटचे वजनही पाहावे. शाळेच्या किटमध्ये बहुधा एकच मोठी बॅट असते आणि १२ वर्षांच्या मुलीलाही तीच दिली जाते. एका हाताने बॅट खांद्याच्या रेषेत समोर धरून दहा-पंधरा सेकंदांत हात थरथरू लागला, तर ती तिच्यासाठी जड आहे. दुसरी मिळेपर्यंत मूठ दोन बोटे वर धरावी.

क्रीडाशिक्षिका, सिंधुदुर्ग

वरच्या दोन्ही सूचना मला पटतात, पण आपल्याकडची एक सवय त्यांत राहून गेली आहे. आपल्या मुली भातकापणीनंतर कुणग्यात भावांबरोबर क्रिकेट खेळूनच मोठ्या होतात. त्यांची नजर चेंडूच्या टप्प्याची वाट पाहते, आणि सॉफ्टबॉलमध्ये टप्पा येतच नाही. माझी एक विद्यार्थिनी दरवेळी प्लेटच्या (बॅटर जिच्याजवळ उभी राहते त्या पाटीच्या) पुढच्या जमिनीकडे बघत असे, हे मला फार उशिरा लक्षात आले. आता मी पिचरच्या कमरेला रंगीत फडके बांधते आणि चेंडू तिथून सुटताना पाहायला सांगते.

भीतीचाही विचार व्हावा. अंगावर येणारा चेंडू चुकवण्यासाठी कॅचरच्या दिशेने खांदा वळवून पाठ द्यायला टेनिसच्या चेंडूवर आधी शिकवले, तर मुली मागे सरकत नाहीत.

क्रीडाशिक्षक, राजापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे फक्कीचा आणि ८ मीटरचा सराव घेतला. बहुतेक जणींचे ठसे आता स्वच्छ उमटतात आणि चेंडू सरळ पिचरकडे परत जाऊ लागले आहेत. मात्र मध्येच हळू चेंडू टाकला की त्या फार लवकर बॅट फिरवतात.

माजी खेळाडू, रत्नागिरी

सर, हे होणारच. पायाची वेळ अजिबात बदलू नका, कारण ती पिचरच्या हातावर ठरलेली आहे. थांबायचे ते फक्त हातांनी. त्याच ८ मीटरवरून, हाताची फेक तशीच ठेवून, चार-पाच वेगवान चेंडूंमध्ये एखादा हळू चेंडू न सांगता टाकत जा. पहिले काही दिवस त्या हळू चेंडूवर बॅट न फिरवता तो प्लेटपर्यंत नुसता पाहू द्यावा.