मदत हवी आहे: रॉकेलच्या बर्नरची ज्योत कमी-जास्त कशी करावी?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात कसबा पेठेत राहतो. तांब्याचे तुकडे लालसर तापवून मऊ करायला आजोबांच्या पितळी पंपाच्या स्टोव्हवर बर्नर बनवतोय. ज्योत कमी करायची की हवा सोडा, वाढवायची की पुन्हा पंप मारा, याला कंटाळून टाकीतून वर येणाऱ्या नळीवर सुईचा व्हॉल्व्ह बसवला. सुई लेथवर स्वतःच काढली.

पूर्ण उघडला की ज्योत निळी, सुंदर घुमते. अर्ध्यावर आणला की मिनिटभरात पिवळी पडते, निपलमधून (वाफ बाहेर पडते त्या बारीक भोकातून) रॉकेलचे थेंब उडतात. रॉकेल साधारण 150 ते 300 अंशांत उकळतं. ज्योत लहान झाली की वाफ करणारी नळीच थंड पडते, असं वाटतं. शिवाय वाफेचा जोर कमी, म्हणजे हवाही कमी ओढली जाणार.

व्हॉल्व्ह निपलच्या अगदी खाली, वाफेच्या बाजूला घेऊ का? तिथे काजळी धरून सुई अडकेल ही भीती आहे. सुईभोवतीची गळती थांबवायला ग्राफाइटच्या दोऱ्याचं पॅकिंग तिथे टिकतं का, बोहरी आळीत मिळेल का? की नळीचा आणखी एक वेढा ज्योतीतून फिरवू? सुईचा टेपरही (टोकाचा उतार) सांगा, माझ्या सुईने पाव फेरीतच सगळं उघडतं. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया लिहा.