मृत्युपत्र: फ्लॅट जुळे सोलापुरात, शेती मंगळवेढ्याला

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे. फ्लॅटला आईचं नॉमिनेशन आहे, शेती आजोबांकडून आलेली. मृत्युपत्र लागेलच का?

– लागेल. नॉमिनी मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना मिळकत मिळणार ते साक्षीला नकोत. वडिलांपेक्षा तरुण बघा, नाहीतर पुढे कोर्टात उभं कोण राहणार? नोंदणी ऐच्छिक, तरी कराच. वडिलांची मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा.

– शेतीचं जपून. वडिलोपार्जित ठरली तर वडिलांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. अख्खा गट (सगळी जमीन) लिहिला की बहिणी हरकत घेणार, आणि ते रास्तच. आधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीची मालकी बदलत गेल्याच्या नोंदी, काढा.

प्रश्नकर्ता: त्यापेक्षा बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मिळकत देऊन टाकायचा दस्त?

– नोंदवलं की मालकी लगेच गेली. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं.